नामदेवजींचा स्मरणचित्राचा पेपर

सकाळी सात ते आठ या वेळात नामदेवजी निंबार्ते यांच्या दुकानात साखर मिळत नसे. दुकान उघडं असे, पोत्यात साखर असे आणि पोत्याला टेकून स्वतः नामदेवजीही बसलेले असत. पण त्यांच्या मांडीवर लाकडी पाटी, पाटीवर कागद आणि समोर तेलाच्या डब्याला टेकवून ठेवलेलं एखादं छापील चित्र असे. गिऱ्हाईक आलं की मान वर न करता ते म्हणत, "थांबून जा बाप्पा, हात चालू हाय." हात चालू असताना त्यांनी सोयऱ्यांना थांबवलं, सरपंचांना थांबवलं आणि एकदा दुकानात साप निघाला तेव्हा सापालाही थांबवलं, असं आंधळगावात सांगतात. सापाचं मी पाहिलेलं नाही. सरपंचांचं पाहिलं आहे.

मी त्यांच्या शेजारी राहतो. राईस मिलमध्ये हिशेब लिहितो, म्हणून गाव मला मुनीमजी म्हणतं. ऐकीव आकडा खरा म्हणून लिहायची मला सवय नाही. तेव्हा नामदेवजींविषयी इथे जे सांगतो, ते बहुतेक स्वतः पाहिलेलं आहे. बाकीचं त्यांच्या घरातून कळलेलं. घरात माणसं दोनच, ते आणि भागरतावहिनी. एकुलती एक मुलगी पवनीकडे आसगावला दिलेली.

या नादाचं मूळ रद्दीत होतं. पुड्या बांधायला ते नागपूरहून रद्दी आणत. एका गठ्ठ्यात जुन्या मासिकांतली गुळगुळीत रंगीत पानं निघाली. जगातल्या मोठमोठ्या चित्रकारांची चित्रं त्यांवर छापलेली. नामदेवजींनी एका पानावर हळद ठेवली, पुडी बांधायला घडी घातली आणि हात आखडला. "हिच्या तोंडावर हळद कशी बांधू जी?" असं ते मला म्हणाले. हळद परत डब्यात गेली आणि ते पान तेलाच्या डब्याला टेकलं. त्या दिवसापासून रोज सकाळी एक चित्र, पेन्सिलीने. सण असो, सुतक असो. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या माणसाच्या हातामागून आपला हात फिरवत राहिलं की आपला हातही सुधरतो.

चित्रांखालची नावं इंग्रजीत होती आणि नामदेवजींची शाळा चौथीची. त्यामुळे त्यांनी स्वतःच नावं ठेवली. गालातल्या गालात हसणारी ती परदेशी बाई म्हणजे गुपचूपबाई. पुलावर उभा राहून दोन्ही हात गालांवर ठेवून ओरडणारा तो बोंबल्या. रात्रीच्या आभाळात गरगर फिरणाऱ्या चांदण्यांचं चित्र म्हणजे वावटळ. हंसाशी बोलणारी आपल्याकडची ती राजकन्या हंसवाली. एका चित्रात घड्याळं सैल कणकेसारखी लोंबत होती, त्याला ते पातळ घड्याळं म्हणत आणि फार जपून काढत. "हे बिघडलेले नाही जी," ते मला समजावत, "याची वेळच अशी असन."

नक्कल म्हणजे नक्कल, त्यात आपली अक्कल घालायची नाही, हा त्यांचा बाणा होता. हंसवालीच्या पानावर छापताना रंग हलला होता. तिचा लाल ओठ तोंडाच्या जरा उजवीकडे सरकला होता. नामदेवजींनीही दोन ओठ काढले, एक जागेवर आणि एक सरकलेला. मी म्हटलं, "अहो, ही छपाईची चूक आहे."

"असन. पन आपन कोन सरळ करनारे?"

गुपचूपबाईचं पान खालून फाटलेलं होतं. त्यामुळे नामदेवजींच्या गुपचूपबाईला हात नव्हते. शाळेच्या हेडमास्तरांनी एकदा सांगितलं, की मूळ चित्रात तिचे हात एकावर एक ठेवलेले आहेत आणि ते फार सुंदर मानले जातात. नामदेवजींनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "असतीन. मी पाहिले नाही गुर्जी, तं कसे काढू?"

भागरतावहिनींना हे सगळं अजिबात पसंत नव्हतं. आमच्या दोन्ही घरांच्या मधली भिंत कमरेएवढी आहे. तिच्यावर हात टेकवून त्या माझ्या बायकोला म्हणत, "परक्या बायाईचे केस मोजून राहिले पाहा सकाळी सकाळी. घरातली बाई टक्कल करून समोर आली, तरी यायले पत्ता लागनार नाही."

आणीबाणी उठल्यानंतरच्या काळात हेडमास्तर साबण घ्यायला आले आणि बोलता बोलता सांगून गेले, की चित्रकलेची जी सरकारी परीक्षा शाळेतली मुलं देतात, ती बाहेरच्या माणसालाही देता येते. झालं. नामदेवजींच्या डोक्यात ते बसलं. वय तेव्हा सेहेचाळीस. परीक्षेला भंडाऱ्याला गेले, वर्गात शिरले, तर आठवीतली सगळी पोरं उभी राहिली आणि "नमस्ते सर" म्हणाली. नामदेवजींनी त्यांना बसायला सांगितलं आणि शेवटच्या बाकावर गुडघे आडवे करून स्वतः बसले. पर्यवेक्षक आल्यावर बराच घोळ झाला.

तांब्या, वांगी आणि पेटी समोर ठेवून काढायची होती, ती त्यांनी अशी काढली की पर्यवेक्षक मागे उभे राहून पाहत राहिले. भूमितीही चांगली झाली. नापास झाले ते स्मरणचित्रात. या पेपरात समोर काहीच ठेवत नाहीत, फक्त विषय देतात. विषय होता आठवडी बाजार.

"मग काय काढलं?" मी विचारलं.

"बाजार काढला. वांग्याचा ढीग काढला. ढिगामागे विकनारी बाई पाहिजे ना? बसवली."

"कोणती बाई?"

"गुपचूपबाई."

"तिला तर हात नाहीत. ती वांगी तोलणार कशी?"

"म्हनून तं ढीग मोठा काढला जी."

मी म्हटलं, "नामदेवजी, तुम्ही बाजारात पाल ठोकून बसता. इतक्या बाया पाहता. त्यांतली एखादी काढायची."

"पाहतो तं. पन कागद समोर आला का त्यातलं कोनीच दिसत नाही. हेच लोक येऊन बसते." हे सांगताना त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता.

दुसऱ्या वर्षी विषय आला नदीचा पूर. वैनगंगेचा पूर आमच्याकडे दुधपित्या पोरालाही माहीत. नामदेवजींनी पूर काढला, पूल काढला आणि पुलावर बोंबल्याला उभं केलं. माझ्या मते ते विषयाला धरून होतं. परीक्षकांचं मत वेगळं पडलं.

दुसऱ्यांदा नापास झाल्यावर गावात गंमत सुरू झाली. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारी, "काय नामदेवजी, यंदा कोनत्या वर्गात?" त्यांना याचं काही वाटत नसावं, पण वहिनींना वाटे. एका संध्याकाळी त्यांनी मला भिंतीजवळ बोलावलं. नामदेवजी खाटेवर बसले होते.

"भाऊजी, तुम्ही हिशेबाचे मानूस. तुमच्यासमोर बोलून ठेवतो. आनखी एक डाव यायले बसू देतो. पास झाले तं जलमभर काढा म्हना चित्रं, मी तोंड उघडनार नाही. नापास झाले तं त्या साऱ्या पानांच्या पुड्या. त्या गुपचूपबाईत मी सोता जिरं बांधीन."

मी नामदेवजींकडे पाहिलं. मला वाटलं, हसतील, उडवून लावतील. पण ते कुलूप घातलेल्या त्या पेटीकडे पाहत होते, जिच्यात ती पानं असत. "बरं," एवढंच म्हणाले. नामदेवजी दिलेला शब्द फिरवणारे नव्हते. आता नापास झाले तर पानं जाणार होती आणि पानांसोबत ती सकाळही.

तयारी सुरू झाली. युक्ती माझीच होती. वहिनींनी अंगणात बसून तांदूळ निवडायचे, नामदेवजींनी त्यांच्याकडे नीट पाहायचं, मग दुकानात जाऊन आठवणीने काढायचं. पहिल्या दिवशी ते बराच वेळ पाहत उभे राहिले. वहिनी लाजल्या, मग चिडल्या. "पुरे ना आता! नजर लागन तांदळाले." नामदेवजी आत गेले आणि कागद घेऊन आले. सूप बरोबर होतं, तांदूळ बरोबर होते, लुगड्याचे काठसुद्धा बरोबर होते. वहिनींनी कागद उजेडात धरला.

"हे कोन होय? माह्या लुगड्यात कोन आनून बसवली हे?"

गुपचूपबाईच होती. नऊवारीत, पदर घेऊन. असं आठवडाभर चाललं. मग वहिनींनी बसणं सोडलं आणि मी युक्त्या देणं सोडलं.

पोळा झाला आणि आसगावहून निरोप आला. मुलीचं पहिलं बाळंतपण, सासू अंथरुणाला खिळलेली, आईला पाठवा. वहिनी गेल्या. जाताना बसच्या खिडकीतून बजावून गेल्या, "चुलीवर दूध ठेवून चित्र काढाले बसू नोका. अन् मी बोलली ते बोलली, ध्यानात ठेवा."

लग्नानंतर एवढे दिवस त्या कधी बाहेर राहिल्या नव्हत्या. नामदेवजी भात शिजवत, तो कधी पेज होई, कधी खरपुडी. माझी बायको संध्याकाळी वाटीभर भाजी देई आणि ती वाटी नेऊन द्यायचं काम माझं. एके दिवशी गेलो तर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते. चूल पेटलेली नव्हती. हातात पेन्सिल नव्हती, कागद नव्हता.

"काय चाललंय?"

"काही नाही जी. मिठाचा डबा कुठं ठेवते म्हनून पाहून राहिलो."

मिठाचा डबा त्यांच्यासमोरच होता. मी वाटी ठेवली आणि आलो. पुढे दोन-तीनदा ते मला त्याच उंबऱ्यावर दिसले. एकदा म्हणाले, "घर गमत नाही मुनीमजी." मी म्हटलं, येतील आता. यापेक्षा जास्त बोलायची आम्हा दोघांनाही सवय नाही.

परीक्षेच्या दिवशी माझं भंडाऱ्यात मिलचं काम होतं, म्हणून सोबतच गेलो. स्मरणचित्राचा पेपर सुटला, पोरं उड्या मारत बाहेर पडली. नामदेवजी सगळ्यांत शेवटी आले. परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "विषय काय होता?"

"घरातला एक प्रसंग."

"मग? गुपचूपबाई?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. दोन्हीकडे धान पोटरीत आलं होतं. "आज ते नाही आली," ते म्हणाले.

वहिनी दिवाळीनंतर आल्या, नातवाचं कौतुक घेऊन. निकाल यायला आणखी काही आठवडे गेले. या काळात वहिनी त्या पेटीजवळून जाताना तिच्याकडे पाहत नसत, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं. बोललेलं त्यांनाही मागे घेता येत नव्हतं.

एका सकाळी हेडमास्तर हातात कागद घेऊन आले. सातची वेळ होती, पण त्या दिवशी नामदेवजी ताडकन उठले. मी भिंतीवरून पाहिलं आणि चप्पल न घालताच गेलो. वहिनी आतून येऊन दाराला धरून उभ्या राहिल्या.

"पास," हेडमास्तर म्हणाले. "शेवटच्या श्रेणीत आहात. स्मरणचित्रात अगदी काठावर. पण पास."

नामदेवजी पोत्यावर बसले. हेडमास्तरांना त्यांनी मूठभर खडीसाखर दिली, ती घेऊन हेडमास्तर गेले. वहिनींचा जीव भांड्यात पडलेला दिसत होता, पण तसं कबूल करतील तर त्या वहिनी कसल्या.

"काठावर काहून? काय काढलं होतं असं?"

"आपलं रांधनघर," नामदेवजी म्हणाले. "चूल. चुलीच्या मांगं सरपन. फडताळातले डबे. मिठाचा, तिखटाचा, तो चेपलेला डाळीचा. खिडकीत तुहं आरशाचं फुटकं भिंग. सारं जागच्या जागी."

"अन् मानूस? परीक्षेत मानूस लागते म्हने ना?"

"होता ना. हे मुनीमजी होते दारात, भाजीची वाटी घेऊन."

सरकारी परीक्षेत आपण गेलो, हे मला तेव्हा कळलं. माझं टक्कल काढलं होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

"अन् मी?" वहिनींनी विचारलं.

"तू कुठं होती? तू आसगावले होती."

"हो, पन चित्रात तं बसवाची. कोन पाहाले येऊन राहिलं होतं?"

"नव्हती तं कशी काढू?" नामदेवजी म्हणाले. मग पाटीवरची धूळ तळहाताने पुसत सावकाश बोलले, "तुहा पाट काढला चुलीजवळ. रिकामाच. चित्र त्या बाजूले उघडं पडून राहिलं होतं, ते मलेही समजे. मांजर बसवली असती तं भरलं असतं. मार्क आले असते. नाही बसवली."

"काहून?"

"तुही जागा होय ते."

वहिनींनी धरलेलं दार सोडलं. मग आवाज चढवून म्हणाल्या, "अन् त्या एका मांजरीपायी नापास झाले असते तं?"

"झालो असतो."

वहिनी आत गेल्या. चहा टाकते म्हणून गेल्या असतील असं मला वाटलं. नामदेवजी आणि मी दुकानात बसून होतो. आतून बराच वेळ एकही भांडं वाजलं नाही.