आशानची जीभ आणि सातशे पानं

सातशे पानांच्या लग्नाच्या दिवशीच शंकुण्णी आशानने स्वतःची जीभ कापून घेतली. माडाच्या झावळीचा हीर उभा चिरायचा, कमान करून जिभेवरून ओढायचा, हा केरळमधल्या पालक्काडातला सकाळचा नेम. बाकीचे लोक तो एकदा हलक्या हाताने करतात. पण आशान म्हणजे गुरू, आणि हे तर पडले थोर आचारी. प्रत्येक पदार्थ चाखण्याआधी ते जीभ नव्याने खरवडायचे. आज हीर धारदार निघाला, आणि आशानचा हात मुळातच जड.

आता जिभेला मीठ लागलं की ब्रह्मांड आठवत होतं. चव घेणार कशी? नवरीचे मामा देवळाच्या उत्सवाचे कारभारी. मीठ चुकलं तर उत्सवाचं काम गेलं, तीस वर्षांचं नावही गेलं. दुसऱ्याला चाखायला सांगावं, तर आशानचा कुणाच्याच जिभेवर भरवसा नाही. अठरा वर्षं हाताखाली राबणाऱ्या पंकजाक्षनच्याही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून ते गप्प राहिले.

पंकजाक्षनने सांबाराचे चार थेंब त्यांच्या तळहातावर टाकले. "बघा हो आशान, मीठ."

आशानने चाटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"रडले," पंकजाक्षनने बाकीच्यांना सांगितलं. "सांबार जमलंय बरं का."

मग काय विचारता, अवियलवाला आला, रसमवाला आला, लोणचंवाला तर दोनदा आला. प्रत्येकाला आशानचे अश्रू हवे होते. मुदपाकखान्यात कुणी शिव्या खाल्ल्या नाहीत असा हा पहिलाच दिवस. आशान मात्र मनातल्या मनात गुरुवायूरप्पनचा धावा करत होते.

पहिली पंगत उठली आणि मामा थेट चुलीपाशी आले.

"नेहमीसारखंच फर्मास," मामा म्हणाले. "मीठ चिमूटभर इकडे नाही की तिकडे नाही. उत्सव तुमच्याकडेच." आणि विडा चघळत गेले.

आशानने पंकजाक्षनला कोपऱ्यात ओढलं. बोबड्या जिभेने विचारलं, "मीठ कुणी घातलं?"

"मीच. रोजच्यासारखं."

"रोजच्यासारखं?"

"तुम्ही सांगता त्याच्या निम्मंच घालतो मी. दहा-दहा वेळा जीभ सोलता, आशान. त्या बिचारीला मीठ लागणार कुठून?"

"अठरा वर्षं?"

"पहिलं भांडी घासण्यात गेलं. सतरा धरा."

"मग कधी बोलला का नाहीस रे?"

"तुम्ही बोलू कधी दिलंत?"

आशानला गरजायचं होतं, पण जीभ उचलेना. ती उचलेपर्यंत राग निवला. सतरा वर्षं या माणसाने आपली अब्रू राखली आणि एका शब्दाने दाखवलं नाही. किती उपकार मोजायचे याचे?

त्यांनी पंकजाक्षनला हाताला धरून दुसऱ्या पंगतीत पाहुण्यांमध्ये बसवलं, पान मांडलं आणि स्वतः वाढायला घेतलं.

"पोटभर जेव," ते म्हणाले. "उत्सवाला किती मीठ ते तू सांग. घालीन मी."