कडूबांच्या नावचं पोट

द्वारकाबाईंना नवऱ्याच्या पोटाचा आता वीट आला होता. सकाळी उठल्यापासून तेच. "रातचं जेवण हितंच बसून राह्यलं बघ," म्हणत कडूबा बेंबीच्या वर बोट ठेवायचे. मग त्यांच्यासाठी मऊ भात, पातळ वरण, वेगळी भाजी. आणि एवढं करून "मीठ कमी हाय" ते वर. बदनापुरातल्या एकाही डॉक्टरला त्या पोटात काही सापडलं नव्हतं. शेवटी जालन्याच्या डॉक्टर अर्पितांनी एक पट्टा हातात दिला.

"हा पोटाचे आवाज टिपतो, काका. हजारो लोकांच्या पोटांचे आवाज ऐकवून कॉम्प्युटरला शिकवलंय. कुठलं पोट नीट चालतं, कुठलं रेंगाळतं, ते तो ओळखतो. एक दिवस-रात्र बांधून ठेवा. जेवलात की हे बटण दाबायचं."

द्वारकाबाईंनी मनातल्या मनात राजूरच्या गणपतीला नारळ कबूल केला. या माणसाला काही झालेलं नाही, असं यंत्रानंच एकदा सांगून टाकावं. म्हणजे सुटले बाई!

पण दुसऱ्याच दिवशी राजूरला कडूबांच्या बहिणीच्या, दैवशालाच्या नातवाचं जावळ होतं. म्हैस विणार म्हणून द्वारकाबाई घरीच राहणार होत्या. कडूबांनी पट्टा बांधला, वर सदरा चढवला आणि आरशात पाहिलं. पोटावर चांगला फुगवटा आला होता.

"हे घिऊन पंगतीत बसू का? लोक म्हणतील, यानं वाटी लपवली."

"मंग जाऊ नका."

"आन दैवशाला? वरीसभर तोंड बघायची न्हाई. तिथं पुरणपोळीला नको म्हणलं तर धरून वाढतेत." त्यांनी पट्टा सोडून बायकोपुढं धरला. "तू बांध."

"मी?"

"मशीनला काय कळून राह्यलंय? पोटासारखं पोट!"

वाद घालायला द्वारकाबाईंच्या अंगात जीव नव्हता. त्यांनी पट्टा बांधला, नुसता चहा घेतला आणि त्या शेण काढायला गेल्या. कडूबा संध्याकाळी तुपाचे ढेकर देत परतले.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "काका, तुमचं म्हणणं खरं होतं. पोट फार मंद आहे."

कडूबा खुर्चीत ताठ झाले. "ऐकलं का? मी ढोंग करून राह्यलो म्हणत व्हती ना?"

द्वारकाबाईंनी मनात हिशेब केला. कबूल केलेला नारळ तेवढा वाचला म्हणायचा.

"दुपारी तीनपर्यंत जेवणाचं बटणच दाबलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यानंतर खाल्लेलं रात्रीपर्यंत जागचं हललं नाही. असं किती वर्षं काढलंत हो?"

कडूबांनी बोटांवर तास मोजले. त्यांचं ताट रोज बाराच्या ठोक्याला लागे. त्यानंतर बायको कधी जेवते, हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं.

"भरती व्हा. नाकातून बारीक नळी पोटात सोडून दाब मोजू."

"नाकातून?" कडूबा उभेच राहिले. "डाक्टरसाहेब, पट्टा हिनं बांधल्ता! मी राजूरला गेल्तो, जावळाला!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्या द्वारकाबाईंकडे वळल्या. "काकू, तुम्हाला त्रास होतो?"

"व्हतो की. घास हितंच अडकून बसतो. पण घरात एक पोट हायेच की दुखायला. दोन-दोन कुणी सांभाळायची?"

"मग नळी तुम्हाला घालावी लागेल. इथं राहावं लागेल."

"राह्यते. हितं सैपाक करावा लागत न्हाई ना?"

"नाही. डबा घरून. मऊ, गरम आणि वेळेवर," असं म्हणून डॉक्टरांनी कडूबांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नळी घालून झाली, काढूनही झाली. बिलकुल सोपी नव्हती. पण नंतर द्वारकाबाई अशा झोपल्या, की नर्सला दोनदा श्वास बघावा लागला. कितीतरी वर्षांनी त्या दिवसाउजेडी आडव्या झाल्या होत्या. डबा आला तेव्हा कडूबांच्या बोटाला चटका होता आणि सदऱ्याला शेण.

त्यांनी खिचडी पुढं केली. द्वारकाबाईंनी एक घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी हाय."

"अगं, म्हैस याली, मंग शेण, मंग ही चूल... तीन वाजले! माझ्या पोटात अजून कण न्हाई."

"मंग च्या घ्या नुसता," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.