परीक्षक आठल्ये मास्तर

आठल्ये मास्तर आमच्या घरी पहिल्यांदा आले ते काही न बोलता आत शिरले. भिंतीवरचं कॅलेंडर दोन बोटांनी जरासं उचललं, दोन पावलं मागे सरून एक डोळा बारीक केला, "हं, आता ठीक," असं कॅलेंडरलाच म्हणाले आणि आले तसे निघून गेले. आई चहाची कपबशी हातात घेऊन उभीच राहिली.

"कोण रे हे?"

"नवे शेजारी. ड्रॉइंग मास्तर होते म्हणे ठाण्याच्या शाळेत."

"अरे, मग चहा तरी घ्यायचा!"

"त्यांचं काम झालं," मी म्हटलं.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. डोंबिवली तेव्हा अगदी आटोपशीर होती. चाळीच्या मागच्या दारात उभं राहिलं की थेट भाताची खाचरं दिसायची. मास्तर निवृत्त होऊन आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले आणि महिन्याभरात सगळ्या चाळीला कळून चुकलं, की आपण आजवर वाकडे जगत होतो.

त्यांचा एक शब्द ठरलेला. "तोल गेला!" भाजीवालीने रचलेला वांग्यांचा ढीग बघून, "तोल गेला!" कुणाच्या कपाळावरचं गंध बघून, "तोल गेला!" पहाटे बायका दारात रांगोळ्या काढून आत वळल्या, की हे धोतर सावरत खाली बसायचे आणि बोटाच्या टोकाने पाकळ्या सारख्या करायचे. पहिले काही दिवस बायका चिडल्या. मग त्या हुशार झाल्या. अर्धीच रांगोळी काढून ठेवू लागल्या, उरलेली मास्तर पुरी करत.

एकदा तर कहर झाला. स्टेशनजवळच्या न्हाव्याने दुकानावर नवी पाटी रंगवायला घेतली. पेंटरने सुरुवातीची अक्षरं ऐसपैस काढली आणि शेवटच्या दोन अक्षरांना जागाच उरली नाही. मास्तर खाली उभे. पेंटरने पुसलं, पुन्हा काढलं. "तोल गेला!" पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा पेंटर शिडीवरून उतरला, ब्रश मास्तरांच्या हातात दिला आणि समोरच्या हॉटेलात जाऊन बसला. मास्तर शिडीवर चढले! पासष्टीचा माणूस! पाटी झाली मात्र देखणी. न्हाव्याने जन्मभर फुकट हजामतीचं वचन दिलं, पण डावा कल्ला उजव्यापेक्षा गव्हाभर मोठा ठेवतो म्हणून मास्तर त्याच्याकडे परत काही गेले नाहीत.

आणखी एक सांगू का, नको? सांगतोच. चाळीतले एक आजोबा गेले. आम्ही सगळे माना खाली घालून उभे. तिरडी उचलणार एवढ्यात मास्तर पुढे झाले, हार सारखा केला आणि डोळे पुसत म्हणाले, "जाताना तरी नीट जाऊ दे रे त्यांना." कुणाला हसावं की रडावं कळेना. माणूस मनाने वाईट नव्हता हो, पण नजरेपुढे लाचार होता.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे माई म्हणायचो. ठेंगणी, हसरी, हाताला सतत काही ना काही काम. मास्तर त्यांच्याही पोळीत, पापडात, लुगड्याच्या निऱ्यांत चुका काढत. माई म्हणत, "असतील, असतील," आणि पुढची पोळी लाटत. मला मास्तरांचा राग यायचा. माईंना येत नसावा, किंवा येऊन कधीच गेला असावा.

मी तेव्हा नुकताच कारकून म्हणून चिकटलेलो आणि हौसेने आमच्या वाचनालयाचा चिटणीस झालेलो. वाचनालयाने चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. बक्षिसं, परीक्षक, सगळं रीतसर. विषय मी सुचवला: प्रेम. तरुण होतो, दुसरं काय सुचणार?

बैठकीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. आमचे अध्यक्ष भाऊसाहेब वकील होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "प्रेम चालेल," ते म्हणाले, "पण स्त्री आणि पुरुष एका कागदावर नकोत."

"भाऊसाहेब, राधाकृष्ण आलं तर?"

"देवांना सूट."

जाहिरात तशीच निघाली: 'विषय: प्रेम (सात्त्विक)'. परीक्षक तिघे. एक भाऊसाहेब स्वतः, दुसरे कल्याणचे गणपती करणारे नाना मूर्तिकार आणि तिसरे, माझ्या आग्रहावरून, आठल्ये मास्तर.

नेमणुकीचं पत्र मी स्वतः नेऊन दिलं. मास्तरांनी ते उभ्यानेच वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं. "तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या रे," ते म्हणाले, "पण परीक्षक म्हणून बोलावलं नाही कधी कुणी. अगं, ऐकलंस का?" दुसऱ्या दिवसापासून ते पत्र कोटाच्या खिशात. दूधवाल्यालासुद्धा दाखवून झालं.

चित्रं देण्याची शेवटची तारीख जवळ आली तेव्हा एका दुपारी माई आमच्याकडे आल्या. पदराखालून गुंडाळी काढली. "वसंता, हे घे. नाव कुठे लागणार नाही ना?"

"नाही माई. नावं पाकिटात बंद. चित्रावर फक्त नंबर. कुणाचं आहे?"

"माझं."

मी बघतच राहिलो. माई आणि चित्र?

"हसू नकोस हं," त्या म्हणाल्या. "हे बाहेरच्या खोलीत पोरांना शिकवतात, मी आत बसून सगळं ऐकते. आधी रेघ, मग छाया. ऐकून ऐकून एकदा करून बघितलं. आता येतंय की नाही, कोण सांगणार? ह्यांना दाखवलं, तर माझं म्हणून बघतील. एक तर सवयीने चुका काढतील, नाही तर वाईट वाटेल म्हणून गप्प बसतील. मला तसं नको. कुणा परक्याचं म्हणून बघू देत आणि काय वाटतं ते बोलू देत. तू तिथे असशीलच. जे बोलतील ते जसंच्या तसं मला येऊन सांग. तेवढंच हवंय मला."

मी गुंडाळी उलगडली. दोन हात, मध्ये विळी आणि विळीवर काहीतरी लांबट. शेंग असावी, नाही तर गाजर. प्रेमाशी ह्याचा काय संबंध, ते मला कळलं नाही. पण विचारायचा धीर झाला नाही. मागे सत्तावीस नंबर घातला. मास्तर ह्या चित्राच्या चिंध्या करणार, आणि त्या चिंध्या माईंच्या ओटीत नेऊन घालायचं काम माझ्याकडे.

परीक्षणाचा रविवार उजाडला. शाळेच्या सभागृहात सुतळ्या बांधून चाळीसेक चित्रं टांगलेली. मास्तर धुतलेला कोट घालून, छातीवर 'परीक्षक' लिहिलेला रेशमी बिल्ला लावून हजर. एकेक चित्र आधी सरळ करायचं, मग बघायचं, मग बोलायचं.

सात्त्विक प्रेमाचा नुसता पूर आला होता. गाय-वासरं अकरा. मास्तर पहिल्याच गाईपाशी थांबले. "हा मागचा पाय कुणाचा घेतला हिने? घोड्याचा आहे!" पुढे भरतभेट. "भरताच्या डोक्यावरच्या दोन्ही पादुका डाव्या पायाच्या. तोल गेला!" मातृप्रेमाची बाई मुलाला भरवत होती. "घास कानात चाललाय." नाना मूर्तिकार हसून हसून बेजार. "अवो मास्तर, पोरांची कामं हायेत, जरा सांभाळून घ्या की!" मास्तर म्हणाले, "नाना, तुम्ही गणपतीची सोंड पाठीवर लावाल का? नाही ना? मग?"

त्यांना असं रंगलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माणूस खूश होता अगदी. आणि मी मनातल्या मनात सत्तावीस नंबरापर्यंत किती चित्रं उरली ते मोजत होतो.

आलं शेवटी. मास्तर समोर उभे राहिले. कागद एका बाजूला चांगलाच कलला होता, तरी त्यांचा हात उठला नाही. भाऊसाहेब वाकून म्हणाले, "गाजर चिरतेय वाटतं." नाना म्हणाले, "गाजर नाय, शेवग्याची शेंग." मास्तर अजून बघतच होते. जवळ गेले, लांब गेले, डाव्या बाजूने पाहिलं, उजव्या बाजूने पाहिलं.

मग त्यांनी छातीवरचा बिल्ला काढला, माझ्या हातात ठेवला. "उरलेलं तुम्ही बघा. मला नाही जमायचं," म्हणाले आणि कोटाची बटणं लावत दाराबाहेर पडले.

"हा काय पोरखेळ आहे!" भाऊसाहेब उखडले. "आणि म्हणे परीक्षक!"

नाना अजून चित्राकडेच बघत होते. एकदम मोठ्याने म्हणाले, "अवो भाऊसाहेब, ह्या उजव्या हाताला सहा बोटं!"

मी पुढे होऊन मोजली. खरंच सहा होती. इतका वेळ माझ्याही लक्षात आलं नव्हतं. दोघे पोट धरून हसले आणि सत्तावीस नंबर बाद झाला. पहिलं बक्षीस घोड्याच्या पायाच्या गाईला गेलं, हे ओघानेच आलं.

मी तडक मास्तरांच्या दारात. डोकं तापलेलं. बिचाऱ्या माईंनी काय मागितलं होतं, एक शब्द! आणि हा गृहस्थ तोंड फिरवून घरी आला! मास्तर खुर्चीत बसले होते, आतल्या खोलीत माई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी उंबऱ्याआडून माझ्याकडे पाहिलं, आणि मला मान वर करवेना.

"मास्तर, हे काही बरं केलं नाहीत," मी म्हटलं.

"बस," ते म्हणाले. "घरच्या चित्रावर परीक्षकाने मत द्यायचं नसतं."

मी चपापलो. "तुम्हाला कसं कळलं?"

"गाजर म्हणे! अरे, पेन्सिल आहे ती! अख्ख्या डोंबिवलीत विळीवर पेन्सिलीला टोक कोण काढतं? लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी टोक काढताना अंगठा कापून घेतला. हिने चाकू काढून घेतला तो आजतागायत परत दिला नाही. शाळेत सगळे विचारायचे, मास्तर, तुमच्या पेन्सिलीला असं टोक येतं कसं? मी नुसता हसायचो. हिचं नाव सांगितलं नाही कधी."

आतलं सूप थांबलं.

मला राहवलं नाही. माईंचं गुपित गेलं खड्ड्यात. "मास्तर, बक्षीस नको होतं त्यांना. तुमच्या तोंडचं खरं मत हवं होतं, परक्याचं चित्र म्हणून. तेवढ्यासाठी नाव लपवलं, आणि तुम्ही एक शब्दही न बोलता आलात."

मास्तर खुर्चीत सावरून बसले. मग म्हणाले, "तीच तर पंचाईत झाली. चूक काढायचीच म्हणून बघितलं रे. वरून बघितलं, बाजूने बघितलं, डोळा मिटून बघितलं. एक सापडेना. आता ज्याला चूकच दिसत नाही, तो कसला परीक्षक? म्हणून बिल्ला देऊन आलो."

मी काही बोलणार तेवढ्यात माई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा लाल झालेला. "काय हो, चूक नाही कशी? उजव्या हाताला सहा बोटं झालीत! कागद देऊन आले आणि मग लक्षात आलं माझ्या. लाजेने मेले नुसती."

"कुठे?" मास्तर म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. इतका भाबडा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी होकाराची मान हलवली. ते उठले, चपला सरकवल्या आणि भर उन्हात सभागृहाकडे चालू लागले. मी मागोमाग. सत्तावीस नंबर कोपऱ्यातल्या बाकावर पडला होता. त्यांनी तो उचलला, उजेडात धरला आणि बोट लावून लावून मोजलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग कागद गुंडाळून काखेत मारला.

घरी माई तशाच उंबऱ्यात उभ्या होत्या. शाळेच्या निकालाला पोरं उभी राहतात तशा उभ्या होत्या हो, साठीला आलेल्या बाई!

"मोजली," मास्तर म्हणाले. "सहा आहेत."

"मग?" माईंनी विचारलं.

"मग काय? बरोबर आहे. घर, मी, माझ्या पेन्सिली... पाच बोटांत एवढं भागलं असतं होय?"

माईंनी पदर तोंडाला लावला. मी बिल्ला टेबलावर ठेवला आणि दार ओढून घेऊन बाहेर आलो.