चादरींचं घर

घर बांधायला इंजिनियर लागतो, हा लोकांचा निव्वळ गैरसमज आहे. आम्ही तीन पिढ्या सोलापुरात, भवानी पेठेत चादरी विकतोय. मला टेप कशाला आणि नकाशा कशाला? चादर मी नुसत्या डोळ्यांनी मोजतो! त्यात आमचा प्लॉट लहान आणि बजेट त्याहून लहान. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, मी तेच करायचं ठरवलं.

"म्हणजे नेमकं काय करणार?" बायकोनं, अक्षतानं विचारलं.

"कुंभारी गावातल्या प्लॉटवर दुकानातल्या चादरी अंथरायच्या. आठ चादरींचा हॉल, चारची बेडरूम, दोनचं स्वयंपाकघर. कडेनं चुन्याची फक्की मारली की झाला नकाशा. फुकट!"

"स्वयंपाकघर दोनच चादरींचं?"

"अगं, तिथं काय झोपायचंय का?"

भाड्याच्या खोलीत इतकी वर्षं तिनं पलंगाला खेटून स्वयंपाक केलाय. भाकरी थापताना तिचं कोपर माझ्या गुडघ्याला लागतं, वर मीच ओरडतो. नव्या घराकडं तिचं मागणं एकच होतं, कुणाचे पाय मधे न येता स्वयंपाक करता यावा. मला ते माहीत होतं हो! पण हॉल मोठा असला की पाहुण्यांवर छाप पडते, हेही माहीत होतं.

पाया खणायच्या मुहूर्ताच्या सकाळी चादरी अंथरल्या. काय दिसत होतं घर! लाल हॉल, निळी बेडरूम, हिरवं स्वयंपाकघर. अक्षता पूजेच्या तयारीला लागली. वडिलांना, म्हणजे अप्पांना, मी राखणीला बसवलं आणि घरी विसरलेली फक्की आणायला गेलो.

परत येतो तर हॉलमध्ये ही गर्दी! गावातल्या बायका चादरी उलट्यापालट्या करून बघत होत्या.

"रंग जाईल का वो?"

"चादर फाटंल, पण रंग न्हाय जायाचा!" अप्पा रंगात आले होते.

"अप्पा! अहो, हे आपलं घर आहे!"

"मग? दारात आलेलं गिऱ्हाईक परत घालवू व्हय?"

"दार कुठाय अजून!" मी किंचाळलो. "आणि हिरव्या चादरी कुठायत?"

"गेल्या की. पयली बोहनी!"

स्वयंपाकघर विकलं गेलं होतं! एक आजी ते काखेत मारून गावाकडं निघाल्या होत्या. मी मागं धावलो.

"आजी, थांबा! ते आमचं स्वयंपाकघर आहे!"

"आरं, पैसं दिल्यात की! दिसाढवळ्या लुटतो व्हय रं?"

आजींनी अशी बोंब ठोकली की अर्धं गाव धावून आलं. भांडण मिटवायला हॉलमधली एक चादर आजींना फुकट द्यावी लागली. तेवढ्यात अप्पांनी हॉलमधल्या आणखी तीन खपवल्या!

"मालक, मुहूर्त टळत चाललाय," गवंडी मल्लेश म्हणाला. "जेसीबीला पुढं दुसरीकडं जायचंय. काय ते आत्ता सांगा."

अक्षतानं पूजेचं ताट खाली ठेवलं आणि पदर खोचला.

"बेडरूम हाय तशी राहू दे. हॉलच्या चार उरल्यात ना? त्यातल्या तीन माझ्या स्वयंपाकघराला."

"अगं, मग हॉल एकाच चादरीचा राहील!"

"तिथं काय झोपायचंय का?"

मल्लेशनं फक्की मारलीसुद्धा.

घर झालं. पाहुणे आले की थेट स्वयंपाकघरात जातात, ऐसपैस मांडी घालतात, गरम भाकरी हाणतात आणि घर छान झालं म्हणतात. हॉलमध्ये कुणी डोकावत नाही. भिंतींची जाडी धरायची असते, हे मला ऐनवेळी कळलं. त्या भिंतींनीही माझी चादर कुरतडली.

काल सकाळी मी हॉलमध्ये पेपर वाचत आडवा झालो होतो. पाय अर्थातच दाराबाहेर. रस्त्यानं त्याच आजी चालल्या होत्या. माझे पाय बघून थांबल्या आणि आत बघून अक्षताला म्हणाल्या,

"थंडी लई हाय गं बाय. तुमचं सैपाकघर आणून देऊ का ह्यास्नी पांघरायला?"