अप्पांचे नापास आइस्क्रीम

बसलिंगअप्पा आइस्क्रीम कानाने तपासतात. पॉटच्या लाकडी बादलीपाशी ते गुडघे टेकून बसतात, टोपी काढतात, कान फळीला लावतात आणि डोळे मिटतात. हँडल फिरवणाऱ्याने त्या वेळी श्वाससुद्धा बेताने घ्यावा, अशी त्यांची अपेक्षा असते. थोड्या वेळाने ते निकाल देतात, "अजून पातळ बोलून राहिलंय." मग फिरवणाऱ्याची शिक्षा वाढते.

फिरवणारा बहुधा मी असतो. लातुरात आमची घरे भिंतीला भिंत लागून आहेत आणि मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे, एवढीच माझी पात्रता. मला गोड आवडत नाही, हे मी त्यांना पहिल्याच उन्हाळ्यात सांगितले होते. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि हँडल माझ्या हाती दिले.

"खाऊ नका, साहेब. फिरवायला गोडाची आवड कशाला पायजे?"

अप्पा मूळचे उदगीरचे. लातुरात त्यांची धान्याची आडत होती. ती बंद केली, मुलगा पुण्याला गेला, पत्नी वारली. आता घरात ते आणि पॉट असे दोघे राहतात. मोसमाच्या पहिल्या दिवशी अप्पा स्वतःच्या कपाळाला विभूती लावतात आणि बोटांना उरलेली हँडलला पुसतात. आडतीची सवय गेलेली नाही. साखर तळहातावर घेऊन ते तुरीसारखी न्याहाळतात, दूधवाल्याला पाण्यावरून अशा शब्दांत विचारतात की त्या बिचाऱ्याला वकील करावासा वाटावा.

सूनबाईंनी पुण्याहून विजेवर चालणारे यंत्र पाठवले होते. अप्पांनी ते कौतुकाने बैठकीत मांडले, पाहुण्यांना दाखवले आणि त्यात तुरीची डाळ भरून ठेवली. "बटन दाबून गार व्हायला तो काय कूलर हाय का?" असे ते म्हणाले. डाळीला कीड लागली नाही, हे मात्र त्यांनी सूनबाईंना आवर्जून कळवले.

आमच्या गल्लीत नळ आठवड्याने येतो. त्यामुळे पाणी वाया घालवणाऱ्याला तुरुंगात टाकावे, असे अप्पांचे मत आहे. बादलीतून गळणारे बर्फ-मिठाचे खारे पाणी ते साठवतात. एका वर्षी ते त्यांनी शेजारधर्म म्हणून माझ्या कढीपत्त्याला घातले. झाड आठवडाभरात गेले. अप्पा दुखवट्याला यावे तसे टोपी हातात घेऊन आले, वाळल्या काड्यांकडे बघत काही वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "लई नाजूक होतं."

हे सर्व सहन करण्यासारखे आहे. सहन होत नाही तो शेवट. तासभर फिरवून आइस्क्रीम होते. गल्लीतले लोक वाट्या घेऊन येतात, चाटून पुसून खातात, वाहवा करतात. अप्पा एक चमचा तोंडात धरतात, छताकडे बघतात आणि सांगतात, "तसं न्हाई."

तसं म्हणजे कसं, हे मी एकदाच विचारले. ते लहान असताना उदगीरला त्यांच्या वडिलांनी हैदराबादेहून घरातला पहिला पॉट आणला होता. बर्फाची लादी भुशात गुंडाळून रेल्वेने येई. आई दूध आटवी. थोरली बहीण गंगाक्का हँडल फिरवी, आणि बादली उडू नये म्हणून तिच्यावर बारदानाची घडी टाकून धाकट्या बसूला बसवत.

"खाली बर्फ, वर मे महिन्याचं ऊन, मधी मी," अप्पा म्हणाले. "त्या आइस्क्रीमची चव, साहेब... ती काय पुन्हा घावली न्हाई."

ती चव त्यांनी कुठे शोधली नाही? रेणापूरच्या म्हशी झाल्या, भोकरकडचा खवा झाला. साखर बदलली, मग दूध आटवायची कढई बदलली, मग म्हशीची पेंड बदलायला सांगायला गोठ्यावर गेले. एका उन्हाळ्यात त्यांनी कापूर घातला. त्या उन्हाळ्याविषयी आम्ही बोलत नाही.

अंतिम परीक्षा मात्र अप्पांच्या हाती नव्हती. दर मे महिन्यात गंगाक्का उदगीरहून एसटीने येत. ठेंगण्या, ताठ, आवाज मोंढ्यात लिलाव पुकारणाऱ्याचा. त्या आल्या की खास पॉट लागे. वाटी समोर आली की त्या एक चमचा घेत, जिभेवर फिरवत आणि चमचा खाली ठेवत.

"बसू, तसं न्हाई रे."

ज्या माणसाला बाजारात हमाल घाबरत, तो गृहस्थ निकालाच्या दिवशीच्या नापास मुलासारखा मान खाली घालून वाटी उचली. मग अक्का खुशाल आठ-दहा दिवस राहत, आंबे खात आणि भावाचे स्वयंपाकघर शिव्या देत आवरत. त्या दिवसांत अप्पांच्या घरातून भांडणाचा आवाज भिंतीपलीकडे अखंड येई. बाकीचे वर्षभर त्या भिंतीतून काहीच ऐकू येत नसे.

यंदा एप्रिलमध्ये अप्पा कुंपणापाशी आले. तुरीचा भाव सांगावा अशा आवाजात म्हणाले, "अक्काचं पोरगं उदगीरचं घर विकून राहिलंय. तिला बंगळुरूला नेतंय. तिचे गुडघे गेले. म्हणती, पुढच्या वर्षीपास्नं मे महिन्यात यायचं जमायचं न्हाई. यंदाचं शेवटचं."

मी हातातली झारी खाली ठेवली.

"यंदा तसं व्हायलाच पायजे, साहेब," ते म्हणाले. "तिनं एकदा तरी 'हाव' म्हणून जावं."

मे महिन्यात अक्का आल्या. मुलगा दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन न्यायला येणार होता. म्हणजे संधी एकच होती. अप्पांनी दूध तीन वेळा गाळले. दूध घालायचा आतला डबा राख आणि काथ्याने असा घासला की त्यात तोंड दिसावे. मी आल्यावर त्यांनी मला त्यात माझे तोंड दाखवलेही. मी फिरवू लागलो. ते कान लावून बसले. माझा खांदा भरून आला, तरी मी थांबलो नाही. अखेर त्यांनी डोळे उघडले.

"बोललं!"

झाकण काढले. पहिला चमचा त्यांनी मला दिला. आजवर असा मान मला मिळाला नव्हता. मी तो तोंडात घातला आणि गिळण्यापूर्वी थोडा विचार केला.

"अप्पा, खारट आहे."

"चेष्टा नको."

"मी चेष्टा करत नाही."

हे त्यांना माहीत होते. त्यांनी चाखले. मग डबा उपसून उजेडात धरला. घासून घासून त्यांनी तळाचा सांधाच उघडा केला होता. बादलीतले मिठाचे पाणी तिथून आत शिरले होते. दूध संपले होते, बर्फही संपला होता. अप्पा डबा मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. माणूस इतका लहान दिसू शकतो, हे मला ठाऊक नव्हते.

आतून अक्कांचा आवाज आला, "बसू! झालं का? का पणतूच्या लग्नात वाढतोस?"

"नासलं, अक्का. देत न्हाई."

"नापास करायचं काम माझं हाय. तू कोण? आण इकडं."

वाटी मीच नेली. अप्पा डबा घेऊन दाराच्या चौकटीला टेकून मागे उभे राहिले. अक्कांनी चमचा घेतला, जिभेवर फिरवला. चमचा खाली ठेवला नाही. दुसरा घेतला. तिसरा घेतला. वाटी रिकामी करून त्यांनी ती पुढे सरकवली.

"घाल अजून."

"अक्का, खारट हाय ते," अप्पा म्हणाले.

"खारटच असायचं की रे, मुडद्या!" अक्का हसू लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "आईच्या पॉटचा डबा चिरलेला होता. मिठाचं पाणी जात असंल आत. आपल्याला काय ठाऊक? आपण दुसरं आइस्क्रीम कुठं खाल्लं होतं? मला वाटायचं, असंच असतंय. मलाबी आत्ता कळून राहिलं बघ. हेच ते. अगदी तसं हाय, बसू!"

रेणापूरच्या म्हशी, भोकरचा खवा, कापूर आणि माझा उजवा खांदा, हे सारे संशोधन एका भोकात वाहून गेले. आता हा माणूस नाचेल, अशी माझी अपेक्षा होती.

अप्पा हसले नाहीत. ते पुढे आले, अक्कांच्या हातचा चमचा घेतला, डब्यातले थोडे आइस्क्रीम खाल्ले आणि छताकडे पाहत राहिले. त्या छतात पाहण्यासारखे काही नाही.

"न्हाई," ते म्हणाले.

"काय न्हाई?"

"तसं न्हाई. साखर जास्त पडलीय."

"अरे, मी सांगून राहिले न्हवं, अगदी—"

"जास्त पडलीय, अक्का." त्यांनी चमचा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. "पुढच्या मे महिन्यात कमी घालून बघतो. तुलाच चाखावं लागंल. माझं मला कळत न्हाई. बंगळुरूहून रेल्वे असतीय. मी स्टेशनावर येतो, चाकाची खुर्ची घेऊन येतो, तुला चालावंबी लागायचं न्हाई."

अक्कांनी भावाकडे पाहिले. मग त्यांनी त्याच्या हातातून चमचा परत घेतला, डब्यातून आणखी एक घास घेतला आणि मन लावून चाखला.

"हाव," त्या म्हणाल्या. "जराशी जास्तच पडलीय. तिकीट तू काढून ठेव."