सात पावसाळे आणि एक बोर

एका जंगलात एक म्हैस न्यायनिवाडा करायची. हसू नका, मुलांनो. तुमच्याकडे कोण कोण काय काय करतं, ते मी बघतोच आहे.

तिचं नाव भिवराक्का. तिची एक रीत होती. दोन्ही बाजू ऐकायच्या, मग डबक्यात जाऊन बसायचं आणि रवंथ करायचा. रवंथ पुरा झाल्याशिवाय निकाल नाही. सगळं जंगल काठावर ताटकळत बसायचं.

एकदा माकडानं सुगरणीचं घरटं मोडलं. भिवराक्कानं दुपारभर रवंथ केला आणि सांगितलं, "जसं होतं तसं विणून दे." माकड तीन महिने काड्या घेऊन बसलं. एक टाका जमेना. शेवटी त्यानं सुगरणीचे पाय धरले, आणि पुन्हा कधी कुणाच्या घरट्याला हात लावला नाही.

मग बिबट्याला आणलं. त्यानं चितळांची अकरा पाडसं मारली होती. खाल्लं होतं एक. बाकीची गंमत म्हणून. भिवराक्का तीन दिवस डबक्यातून उठली नाही. मग म्हणाली, "याचे दात पडेपर्यंत हा गुहेत." ती गुहा म्हणजे जंगलचा तुरुंग. तेव्हा तिथे बिबट्या, एक तरस आणि भरपूर हवा एवढंच होतं.

आता राजवाड्यापुढे एक शाही बोर होती. सिंह बोरं खात नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. सिंहालाही ठाऊक होतं. पण झाड शाही होतं, आणि एके दिवशी त्याच्या खालच्या फांद्या रिकाम्या दिसल्या.

झालं. कोल्हा प्रधानानं सभा बोलावली.

"भिवराक्का चोरांना नुसतं रवंथात घोळवतात!" तो गरजला. "एक बोर असो की शंभर, चोर तो चोर. शिक्षा एकच. सात पावसाळे! एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. यापुढे विचार करायचं कामच नाही!"

या शेवटच्या वाक्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेत झिपरी नावाची सशीण होती. ती तर मागच्या पायांवर उभी राहून ओरडली, "चांगली अद्दल घडू दे मेल्यांना!"

भिवराक्कानं मान वर केली. "आणि प्रधानजी, पाडसं मारली तर?"

"तो वेगळा विषय आहे," कोल्हा म्हणाला. "त्यावर तुम्ही बसा रवंथ करत."

कायदा झाला. फळीवर 'सात पावसाळे' असं लिहून ती भिवराक्काच्या समोर टांगली. आता तिनं फक्त फळीकडे बघायचं आणि वाचायचं.

खारीनं एक बी उचललं. सात पावसाळे. मुंगळ्यांनी रस चाटला. प्रत्येकी सात पावसाळे. कासवानं एक बोर खाल्लं. सात पावसाळे. आपण आत होतो हे त्याला पुढे बाहेर आल्यावरच कळायचं होतं. फुलपाखरू नुसतं मोहरावर बसलं होतं. ते आठव्या दिवशी मेलं. पण शिक्षा संपली नव्हती, म्हणून साळिंदर जेलर रोज हजेरीत त्याचं नाव पुकारायचा.

मूर्खपणाला एवढी शिस्त मी दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही.

गुहा भरली. इतकी की कुणी कूस बदलायची म्हटलं, तर चाळीस जणांना विचारावं लागे. साळिंदर फेरी मारायला आत शिरला, की त्याच्या काट्यांनी दहा-बारा जण जखमी होत. कोल्हा रोज सभेत सांगे, "पाहा, किती चोर सापडतायत! कायदा किती गुणाचा आहे!" आणि सभा टाळ्या वाजवी. टाळ्या वाजवणारे दर खेपेला कमी होत होते, ते कुणाच्या ध्यानात येईना.

एके सकाळी झिपरीलाच पकडून आणलं.

"अक्का, खाली पडलेलं होतं हो ते," ती म्हणाली. "वाऱ्यानं पडलं होतं. बिळात चार पिलं आहेत. डोळेही धड उघडले नाहीत त्यांचे. मला दूध येईना, म्हणून एक उचललं. एकच!"

भिवराक्काचं तोंड आपोआप हलू लागलं. कोल्हा खाकरला. "अक्का, रवंथ नको. फळी वाचा."

"प्रधानजी, सशाचं आयुष्यच मुळात सात-आठ पावसाळ्यांचं."

"फळीवर आयुष्याचं काही लिहिलंय का?"

लिहिलं नव्हतं. भिवराक्कानं वाचलं, "सात पावसाळे." आपलाच आवाज तिला ओळखू आला नाही, आणि तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

तेवढ्यात साळिंदर आला. "सरकार, गुहेत जागा नाही. हिला घ्यायचं तर कुणाला तरी सोडावं लागेल."

"मग खारीला सोडा," भिवराक्का घाईनं म्हणाली.

"बोरवाल्यांना सोडता येत नाही, अक्का. एक दिवस कमी नाही, असा कायदाच आहे. ज्यांना तुम्ही रवंथ करून शिक्षा दिली, त्यांनाच सोडता येतं. म्हणजे तरस आणि बिबट्या. त्यातून बिबट्याची वर्तणूक फारच चांगली. आत आल्यापासून त्यानं एकही पाडस मारलेलं नाही. आणि त्याच्याशेजारी कुणी बसत नाही, त्यामुळे त्याची जागाही मोठी आहे."

बिबट्याला सोडलं. कोल्ह्यानं त्याच्या गळ्यात रानफुलांची माळ घातली. आत जाणाऱ्या झिपरीसमोर बिबट्या अदबीनं थांबला.

"ताई, बीळ कुठे म्हणालात? पिलांना तुमचा निरोप सांगतो."

झिपरी मागे धावायला वळली, तोच साळिंदरानं तिला आत लोटलं. पण भिवराक्काला बीळ ठाऊक होतं. ती न्यायासनावरून उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा धावली.

ती बिळाच्या तोंडाशी जाऊन बसली. वास काढत बिबट्या आला. त्यानं तिची शिंगं पाहिली, आणि चार हात लांब बसून राहिला. एक दिवस गेला. दुसरा गेला. भिवराक्का जागची हलली नाही. डबक्याशिवाय तिच्या पाठीची कातडी तडकली.

तिसऱ्या दिवशी बिबट्यानं तक्रार केली. तक्रार रीतसर होती. सुटलेल्या एका सज्जनाची वाट म्हैस अडवते आणि कामावरही जात नाही.

भिवराक्काच्या जागी तोवर पोपट नेमला होता. त्याला एकच वाक्य येत होतं, आणि तेवढंच लागत होतं.

"माझं ऐकून तरी घे रे बाबा," भिवराक्का म्हणाली. "मी इथून उठले, तर तो बिळात..."

"सात पावसाळे!" पोपट म्हणाला.

म्हैस आत जायची म्हणजे जागा बरीच लागणार. म्हणून तरसालाही सोडलं. तो बिबट्याच्या मागोमाग त्याच वाटेनं गेला.

गुहेत भिवराक्काला कोंबलं, ते नेमकं झिपरीच्या अंगाला अंग लागून. अंधारात झिपरीनं तिला वासावरून ओळखलं.

"अक्का, तुम्ही? मग माझ्या पिलांपाशी कोण आहे?"

भिवराक्कानं आजवर रवंथ केल्याशिवाय कुणाला उत्तर दिलं नव्हतं. या खेपेला तिनं लगेच दिलं.

"आहे गं," ती म्हणाली. "आहेत दोघं जण."

तात्पर्य: मुलांनो, न्याय देताना विचार करू नये, त्यात वेळ जातो. तुरुंग भरला की जंगल सुरक्षित झालं, असं समजावं आणि टाळ्या वाजवाव्यात. फक्त वाजवताना हातात बोर नाही ना, तेवढं बघून घ्यावं.