थांबलेली मीटरं शोधणारे सुदामकाका

सुदामकाका दुसऱ्याच्या घराचं विजेचं मीटर पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत. चालता चालता थांबतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि मीटरला नाक लावून उभे राहतात. एकदा फ्रेजरपुऱ्यात एका बाईला वाटलं, हे लाइन कापायला आले. तिनं घाबरून चहा पाजला. काकांनी चहा संपवला आणि मगच सांगितलं, "बाई, मी रिटायर आहो."

काकांची सगळी नोकरी अमरावतीच्या गल्ल्यांतून मीटरचे आकडे लिहिण्यात गेली. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. शेकडो घरांचे आकडे त्यांना अजून तोंडपाठ असतात. दोन महिने आकडा हलला नाही म्हणजे घर रिकामं, हा त्यांचा हिशेब. आणि रिकामं घर दिसलं की त्यांना लगेच रस्त्यावरचं एखादं कुटुंब आठवतं, पुलाखालचं नाहीतर ताडपत्रीतलं. त्या कुटुंबाला त्या घरात भाड्यानं बसवून द्यायचं, हे काम त्यांनी स्वतःच स्वतःला दिलं आहे.

दर्यापूरहून आलो तेव्हा आम्हालाही त्यांनीच घर मिळवून दिलं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आपला पत्ता काकांनी शोधलेला आहे हे मैत्रिणींना सांगायला मला आधी अवघड वाटायचं. आता कुणी विचारलं नसतानाही सांगते.

घर देण्याआधी माणूस सुधारला पाहिजे, असं पुष्कळांना वाटतं. शेजारचे गुरुजी एकदा म्हणाले, "सुदामराव, आधी त्या माणसाची दारू सोडवा, मग खोली पाहा."

"राजेहो," काका म्हणाले, "तुमची दारू तुमी रस्त्यावर बसून सोडली, का घरात बसून?"

गुरुजींना खोकला आला. "पयले किल्ली, मंग बाकी सारं," काकांनी विषय संपवला.

घरमालकांशीही त्यांचं बोलणं असंच असतं. मालक विचारतो, "आडनाव काय हाय त्याईचं?" काका सांगतात, "भाडेकरू." मालक म्हणतो, "तसं नाई, कोन लोकं हाय?" काका सांगतात, "भाडं देनारे लोकं हाय. अजून कोन पाह्यजे तुले?"

त्यांची आणखी एक रीत आहे. खोली पाहायला ते एकटे कधीच जात नाहीत. सगळं कुटुंब, भांडी, गोधड्या, सगळं ऑटोत भरून सोबत नेतात. "सामान दारात उतरलं का मालकाची जीभ जड होते," असं ते म्हणतात. याच रितीनं एकदा त्यांची फजिती केली.

सुनीताताई माझ्या आईबरोबर मंगल कार्यालयात भांडी घासायला येते. तेल्हाऱ्याकडची. नवरा वारला आणि ती दोन मुली घेऊन इथे आली. बडनेरा रोडच्या एका भिंतीला तिनं ताडपत्री बांधली होती. नालीच्या कामासाठी सोमवारी तिथून सगळ्यांना उठवणार होते. आईनं शनिवारी काकांना सांगितलं. रविवारी सकाळी काकांनी ऑटो आणला. ताईला धीर म्हणून आईनं मलाही सोबत धाडलं.

घर गाडगेनगरच्या मागे होतं. दोन खोल्यांचं, स्लॅबचं, फाटकाला कुलूप. "चार महिने झाले, आकडा जागचा हलला नाई," काका खुशीत म्हणाले. "मालक कोन हाय ते शेजारी विचारू." तोवर सामान उतरवून झालं होतं.

तेवढ्यात मागच्या दारानं एक म्हातारी बाहेर आली. हातात झारा.

"कोन हाय रे? काय पाह्यजे?"

काका गडबडले. "तुमी अथी राह्यता?"

"माह्या घरात मी नाई तं काय तू राह्यशीन?"

"पन मीटर तं बंद हाय!"

"मीटर बंद हाय, मी चालू आहो! पोरगा पुन्याहून बिल भरते, त्याले काहून खर्चात पाडू? दिवसा ऊन असते, रातच्याले झोप असते. लाइटीचं काम काय?"

ऑटोवाला हसू लागला. काकांचं तोंड एवढंसं झालं. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. सुनीताताई भांडी परत ऑटोत ठेवू लागली. आता सोमवारी जायचं कुठं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

म्हातारीचं लक्ष ताईच्या हाताकडे गेलं. मनगटाला दोन ओढण्या गाठी मारून गुंडाळलेल्या होत्या.

"हे काय बांधलं वं?"

"रातच्याले दोन्ही पोरीईच्या हाताले बांधून झोपतो, माय. कोनी ओढलं तं मले कळलं पाह्यजे. आज घाईत सोडाच्या राह्यल्या."

म्हातारीनं एक गाठ बोटानं चाचपून पाहिली. मग तिनं कमरेची किल्ली काढली. "मांगची खोली रिकामी हाय. भाडं टायमावर पाह्यजे. अन् भांडन नाई पाह्यजे."

"त्याची जबाबदारी माही," काका म्हणाले.

"तुही? तुले तं मीटरबी वाचता येत नाई!"

खोली उघडली. सामान आत न्यायला आम्ही वळलो, तर काका म्हणाले, "थांबा." ते एकटेच आत गेले आणि त्यांनी आतून कडी लावून घेतली. आम्ही सगळे बाहेर, उन्हात. आतून काही आवाज येईना.

"काय वं," म्हातारी मला म्हणाली, "हा मानूस सोताच राहून राहिला काय?"

काही वेळानं कडी निघाली. काका चष्मा पुसत बाहेर आले. "कडी घट्ट हाय," ते सुनीताताईला म्हणाले. "आज हात मोकळे ठेवून झोपजो."

परत येताना ते ऑटोवाल्याच्या शेजारी बसले. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "अकोल्याच्या स्टेशनावर मायनं मले लहानाचं मोठं केलं. ती बसूनच झोपे. आतून लावाले कडी तिले कधी भेटलीच नाई."

आमच्या खोलीतही पहिल्या दिवशी काका असेच एकटे आत जाऊन दार लावून उभे होते. बाबांना वाटलं, भिंतीची ओल पाहत असतील.